पकडलेल्या धातूचा मुक्काम



तीन माठांचं गाळणं आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं आहे. वर गढूळ पाणी, मध्ये वाळू आणि कोळसा, तळाच्या माठात नितळ पाणी. त्या एका चित्राने आपल्या मनात कोळशाबद्दल जो विश्वास बसवला, तो पुढे कुणी तपासून पाहिला नाही. गेल्या वीसेक वर्षांत त्याच विश्वासाला बायोचार हे नवं नाव मिळालं. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, भाताचं तूस, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, नारळाच्या करवंट्या, जे हाती येईल ते हवा कोंडून तापवायचं आणि त्या कोळशाने पाण्यातलं शिसं, कॅडमियम, निकेल काढायचं, या विषयावर जगभर शोधनिबंधांचा पूर आलेला आहे. नवा काडीकचरा, नवा निबंध आणि शेवटी ठरलेलं वाक्य : नव्वद टक्क्यांहून अधिक धातू निघाला. या निष्कर्षांवर माझा अविश्वास नाही. धातू निघतो, हे सिद्ध झालेलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसं होत नाही, त्याचे जिवाणू तुकडे करत नाहीत. कोळसा त्याला नष्ट करत नाही, पाण्यातून उचलून स्वतःवर घेतो. म्हणजे इथे सफाई होत नाही, मुक्काम हलतो. म्हणून या तंत्राची परीक्षा किती टक्के धातू निघाला यावर न करता, निघालेला धातू पुढे कुणाच्या ताब्यात आणि कुठे राहणार यावर करायला हवी. त्या परीक्षेला उतरायचं तर बायोचारची जागा गावच्या पाण्याच्या टाकीवर नाही आणि शेतातही नाही. ती कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी आहे.

आधी हा कोळसा काय चीज आहे ते थोडक्यात पाहू. काडी उघड्यावर जाळली की राख उरते, कारण हवेतला ऑक्सिजन कार्बनला वायू करून घेऊन जातो. हवा कोंडून तीनशे ते सातशे अंश सेल्सियसपर्यंत तापवली, की पाणी, डांबर आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो, तोही वनस्पतीच्या पेशींची रचना बऱ्याच अंशी तशीच ठेवून. कोरड्या काडीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग हाती लागतो. उष्णता जितकी जास्त, तितका उतारा कमी. कोळशाची ही पकड विज्ञानाच्या ध्यानात आली ती १७८५ साली. सेंट पीटर्सबर्गला टोबियस लोविट्झ यांना दिसलं, की कोळशाच्या सान्निध्यात द्रावणाचा मळकट रंग निघून जातो. पुढे पहिल्या महायुद्धात नारळाच्या करवंटीचा कोळसा विषारी वायूंविरुद्धच्या मुखवट्यांत बसला. या गुणाला आपण अधिशोषण म्हणतो : स्पंज पाणी पितो तसं आत भिनणं नाही, तर पृष्ठभागाला चिकटून राहणं. बाजारातल्या सक्रिय कोळशाचा पृष्ठभाग ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या घरात असतो. शेतातल्या काडीचा साधा कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तरीही धातूंच्या बाबतीत तो अनेकदा सरस ठरतो. ही विसंगती समजून घेतली तर पुढचा सगळा युक्तिवाद सोपा होतो.

सक्रिय कोळशाचं बळ त्याच्या क्षेत्रफळात आहे. रंग, वास, कीटकनाशकं अशा सेंद्रिय रेणूंना ते उपयोगी पडतं. पाण्यातलं शिसं मात्र धन विद्युतभार असलेल्या आयनाच्या रूपात वावरतं. त्याला नुसती जागा पुरत नाही, ऋण भाराचा हात लागतो. कमी उष्णतेवर केलेल्या बायोचारच्या अंगावर ऑक्सिजनयुक्त गट भरपूर शिल्लक असतात. ते आपला हायड्रोजन, कॅल्शियम किंवा पोटॅशियम सोडून शिसं धरतात. शिवाय या कोळशात पिकाची राख असते आणि राखेत फॉस्फेट व कार्बोनेट असतात. शिशाची फॉस्फेट-कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती कोळशाच्या छिद्रांतच साका धरून बसतात. म्हणजे आपण जिला अशुद्धी समजून धुऊन टाकू, ती राख इथे निम्मं काम करते. भट्टी जास्त तापवली तर क्षेत्रफळ वाढतं, पण हे ऋण हात गळून पडतात. सगळ्या धातूंना सारखी भट्टी चालत नाही आणि सगळ्या काड्यांचा कोळसा सारखा होत नाही. भाताच्या तुसात सिलिका फार, कापसाच्या काडीत कमी. ‘बायोचार’ हे एका वस्तूचं नाव नाही, कुळाचं आडनाव आहे. आडनावावरून माणसाचा स्वभाव जेवढा कळतो तेवढाच इथेही कळतो.

कुळातली सगळीच मंडळी सगळ्याच पाहुण्यांना दारात घेत नाहीत, हे आर्सेनिक आणि क्रोमियम यांनी दाखवलेलं आहे. पाण्यातलं आर्सेनिक ऑक्सिजनशी जोडलेल्या, बहुधा ऋण भाराच्या किंवा भाररहित रूपात असतं. ऋण भाराच्या कोळशाने ऋण भाराचा आयन धरावा ही अपेक्षाच चुकीची. बांगलादेशात अबुल हुस्साम यांनी तयार केलेल्या ‘सोनो’ गाळण्याला २००७ साली ग्रेंजर पुरस्कार मिळाला. त्यात लाकडी कोळसा आहे, वाळूही आहे, पण आर्सेनिक धरतं ते लोखंड. म्हणून आर्सेनिकसाठी बायोचार वापरणारे त्याला लोहक्षारांत भिजवतात. तिथे कोळसा हा लोखंडाचा पाट असतो, बसणारा पाहुणा वेगळा. क्रोमियमचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतलं सहा संयुजेचं क्रोमियम विषारी आणि चपळ. तेही ऋण भाराचं. आम्लधर्मी पाण्यात बायोचार त्याला इलेक्ट्रॉन देऊन तीन संयुजेचं करतो आणि मग धरून ठेवतो. पण पाणी उदासीन असेल तर ही गाडी अडते. तेव्हा ‘बायोचार जड धातू काढतो’ या वाक्यात धातूचं नाव, पाण्याचा पीएच आणि काडीची जात नसेल, तर ते वाक्य जाहिरातीचं समजावं.

आता प्रयोगशाळेकडे वळू. बहुतेक प्रयोग एका साच्याचे असतात. ऊर्ध्वपातित पाणी घ्यायचं, त्यात एकाच धातूचा क्षार लिटरला पन्नास किंवा शंभर मिलिग्रॅम या प्रमाणात घालायचा, कोळसा टाकून रात्रभर हलवायचं आणि किती धातू उरला ते मोजायचं. हे चुकीचं नाही. कोळशाची अंगभूत ताकद अशीच कळते. पण ती ताकद गावाला लावायची तर गावचं पाणी विचारात घ्यावं लागतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातलं विहिरीचं पाणी जड असतं, हे साबणाला फेस न येणाऱ्या घरांत कुणाला सांगायला नको. समजा, एका विहिरीच्या पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि त्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम शिसं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे २०१२ सालच्या आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा ०.०१ आहे, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या दहापट दूषित. विद्युतभाराच्या मापाने हिशेब केला तर या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सहा हजारांवर आयन त्याच जागांसाठी उभे आहेत. कोळसा शिशाला झुकतं माप देतो हे खरं. तरी एकास सहा हजार ही रांग आहे. काचेच्या बाटलीत ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम शिसं धरणारा कोळसा इथे किती धरेल, याचं उत्तर त्या निबंधात नसतं, आणि बऱ्याचदा ते कुणी विचारलेलंही नसतं.

इथे कुणी म्हणेल : ताकद कमी पडली तर कोळसा जास्त घाला, काडीला तोटा आहे का? घरगुती किंवा गावच्या पिण्याच्या पाण्यासाठी बायोचार सुचवणारे नेमकं हेच म्हणतात आणि त्यामागची तळमळ मी समजू शकतो. पण अडचण कोळशाच्या वजनाची नाही. शिशाला रंग नाही, वास नाही, चव नाही. गाळणं भरलं, कोळशाच्या जागा संपल्या, तरी नळातून येणारं पाणी तितकंच नितळ दिसतं. त्याहून वाईट म्हणजे, आधी धरलेला धातू पुढे पाण्याची घडण बदलली की सुटतो. जड पाणी आलं, आम्लता वाढली, की कोळसा आपला साठा खाली करतो आणि काही काळ बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही दूषित असू शकतं. हे कधी घडलं ते सांगायला प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं आणि ते ग्रामपंचायतीच्या कपाटात नसतं. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिक काढणारी यंत्रं गावोगाव बसवली गेली. जादवपूर विद्यापीठाच्या पर्यावरण अभ्यासकांनी त्यांची पाहणी करून २००५ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात बहुतेक यंत्रं विश्वासार्ह नसल्याचं दिसलं. मागचं रसायन खोटं नव्हतं. गाळणं बदलणारा माणूस, पाणी तपासणारा माणूस आणि निघालेला गाळ उचलणारा माणूस ही साखळी तुटलेली होती. बायोचार स्वस्त आहे म्हणून ती साखळी आपोआप जुळेल असं मानायला काहीच आधार नाही. उलट, स्वस्त वस्तूकडे आपण कमी लक्ष देतो.

मग बायोचारला जागा कुठे? जिथे धातू अजून विखुरलेला नाही तिथे. निकेल-क्रोमचा मुलामा देणारा छोटा कारखाना घेऊ. तो चुन्याने किंवा कॉस्टिकने सांडपाण्याचा पीएच वाढवून धातूंचे हायड्रॉक्साइड खाली बसवतो. ही जुनी, खात्रीची पद्धत आहे आणि बायोचारने तिला हटवावं असं मी म्हणत नाही. तिची उणीव एवढीच, की सगळे धातू एकाच पीएचवर खाली बसत नाहीत. क्रोमियमला साधारण आठ सोयीचा, निकेलला दहाच्या आसपास. क्रोमियमसाठी थांबलं तर निकेल पाण्यात राहतं, निकेलसाठी पुढे गेलं तर क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. शेवटी पाण्यात थोडा धातू उरतोच. कायदाही तो उरू देतो. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकानुसार नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०२ आहे. दीडशे पटींचं हे अंतर नदीने पाणी मिसळून भरून काढावं अशी अपेक्षा आहे, आणि आपल्या बहुतेक नद्यांत जानेवारीनंतर मिसळायला पाणीच नसतं. त्या उरलेल्या धातूसाठी, शेवटच्या हातासाठी, बायोचार योग्य आहे.

हिशेब करून पाहू. कारखाना रोज ५,००० लिटर सांडपाणी सोडतो, त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम निकेल आहे आणि सगळं काम कोळशावर टाकलं. रोज २५० ग्रॅम निकेल धरायचं. प्रत्यक्षातल्या पाण्यात ग्रॅमला १० मिलिग्रॅम अशी माफक ताकद धरली तर रोज २५ किलो कोळसा लागेल. वर्षातल्या ३०० कामाच्या दिवसांत साडेसात टन, आणि वर्षाअखेर साडेसात टन विषारी कोळसा अंगणात. आता आधी चुन्याने निकेल ३ मिलिग्रॅमवर आणा आणि नंतर कोळशाने अर्ध्या मिलिग्रॅमवर. रोज साडेबारा ग्रॅम धरायचं. पाणी जितकं पातळ, तितकी कोळशाची पकड कमी, म्हणून ताकद निम्मी धरू. तरी रोज अडीच किलो पुरतो, वर्षाला पाऊण टन. त्यासाठी कापसाच्या अडीच टन काड्या लागतील, म्हणजे एक-सव्वा हेक्टरचं शेत. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत; प्रत्येक कारखान्याचे वेगळे निघतील. पण दोन मार्गांत उरणाऱ्या विषारी कोळशाचा दहापट फरक आहे आणि माझा सगळा भर त्या फरकावर आहे. पाऊण टन म्हणजे मोजता येईल अशी पोती. साडेसात टन म्हणजे ढीग, आणि ढिगाला आपल्याकडे वारस नसतो.

ढिगाचं काय होतं ते कानपूर देहातातल्या रनियाने दाखवलं. क्रोमियमचे क्षार बनवणाऱ्या कारखान्यांचा घन कचरा तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर पडून राहिला, पावसाने त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम जमिनीत उतरवलं आणि हातपंपाला पिवळं पाणी आलं. धातू घन रूपात आला म्हणजे आपण सुटलो, ही समजूत तिथे मोडली. कोळशाच्या बाबतीत धोका आणखी दोन वाटांनी येतो. पहिली वाट चुलीची. कोळसा पाहिला की आपल्याला इंधन आठवतं. वापरलेला बायोचारही जळतो, वीटभट्टीला तो फुकटात मिळाला तर कोण नको म्हणेल? पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. वीटभट्टीत ते धुराबरोबर हवेत जाईल आणि थंड होऊन शेजारच्या शिवारात उतरेल.

दुसरी वाट शेताची, आणि ती मला जास्त भीतीची वाटते, कारण ती सद्हेतूने येते. बायोचार हे नाव शेतकऱ्याने ऐकलं ते माती सुधारणारं द्रव्य म्हणून. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीची गोष्ट, जमिनीत शेकडो वर्षं टिकणारा कार्बन, धरून ठेवलेला ओलावा, हे सगळं या नावाला चिकटलेलं आहे. एकाच भट्टीतून निघालेली दोन पोती, एक शेतात जाणारं आणि एक सांडपाण्याच्या टाकीतून परत आलेलं, दिसायला सारखीच काळी. यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मांडणारे अडाणी नाहीत. ते म्हणतात, चीनमधल्या भातशेतांत बायोचार घातल्यावर दाण्यातलं कॅडमियम कमी झाल्याचे प्रयोग आहेत. कोळसा मातीतला धातू बांधून ठेवतो. मग सांडपाण्यातला धातू धरलेला कोळसा शेतात गेला तर बिघडलं कुठे? बिघडलं ते इथे, की त्या प्रयोगांत धातू आधीच मातीत होता आणि कोळसा रिकाम्या हाताने गेला. आपण भरलेल्या हाताने पाठवतोय. एकात शेतातला धातू तेवढाच राहिला, दुसऱ्यात वाढला. आणि आयनविनिमयाने धरलेला धातू कायमचा बांधलेला नसतो. युरियासारख्या खतांनी मातीची आम्लता वर्षागणिक वाढते, कोळशातली राख धुपते, त्यातलं अल्क निघून जातं. आज धरलेलं पंधरा वर्षांनी सुटू शकतं, तेव्हा ते कुठून आलं हे सांगणारी नोंद राहिलेली नसते.

शेतात गेलेलं कॅडमियम परत काढायला काय लागतं, हे जपानच्या जिन्झू खोऱ्याने सांगितलं आहे. कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांच्या मूत्रपिंडांत व हाडांत. ‘दुखतंय, दुखतंय’ या अर्थाच्या शब्दांवरूनच त्या आजाराला इताई-इताई हे नाव पडलं. सरकारने त्याचं कारण १९६८ साली मान्य केलं. पुढे खाचरांतली माती बदलण्याचं काम तीस वर्षांहून अधिक चाललं आणि २०१२ साली संपलं. त्या देशाकडे पैसा होता, कंपनीची जबाबदारी न्यायालयात सिद्ध झालेली होती, तरी इतका वेळ लागला.

म्हणून वापरलेल्या कोळशाचा प्रवास आधी ठरला पाहिजे, टाकी नंतर बसली पाहिजे. मार्ग अगदीच नाहीत असं नाही. सौम्य आम्लाने निकेल किंवा तांबं कोळशावरून उतरवता येतं, त्या तीव्र द्रावणातून धातू परत मिळवता येतो आणि कोळसा आणखी काही फेऱ्या चालतो. पण त्यात आम्लाचं नवं सांडपाणी तयार होतं, म्हणून हे काम एकट्या कारखान्याने न करता वसाहतीच्या सामायिक केंद्रात व्हावं. जे परत मिळवण्याजोगं नाही ते घातक कचऱ्याच्या नियमांखाली जावं. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. वाहतुकीसह त्याचा खर्च येतो, आणि बायोचारच्या स्वस्ताईच्या हिशेबात तो खर्च जवळजवळ कधीच धरलेला नसतो. तो धरल्यावरही बायोचार परवडला तर उत्तम. नाही परवडला, तर तो स्वस्त नव्हताच; त्याची किंमत दुसऱ्याच्या शेताने भरायची होती.

राहता राहिला आक्षेप काडीचा. ‘शेतीतला कचरा’ हा शहरातला शब्द आहे. विदर्भात पऱ्हाट्या चुलीत जातात, कुंपणाला लागतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांच्यापासून फळ्या करून दाखवल्या. पुण्याच्या आरती संस्थेला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला तो उसाच्या पाचटाच्या कांडी कोळशासाठी, म्हणजे इंधनासाठीच. तेव्हा काडीला गिऱ्हाईक आहे. पण राज्यात कापूस सुमारे ४० लाख हेक्टरवर होतो. हेक्टरी दोन टन काडी धरली तरी ८० लाख टन होतात आणि गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडण्यासाठी ती हंगामानंतर शेतातून हलवावीच लागते. त्यातला बराच भाग आज बांधावर जाळला जातो. मी मांडलेल्या मर्यादित वापराला या राशीतली चिमूट पुरते. त्यातून शेतकरी श्रीमंत होईल असं वचन कुणी देऊ नये. काडी विकली तर भाड्यासकट चार पैसे मिळतील, एवढंच.

शेवटी एक विनंती, आणि ती या सभागृहातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना आहे. पुढचा प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात करू नका. आपल्या तालुक्यातल्या विहिरीचं पाणी आणा, जवळच्या औद्योगिक वसाहतीच्या नाल्याचं आणा, कोळसा बाटलीत हलवण्याऐवजी नळीत भरा आणि कितव्या दिवशी धातू पलीकडे फुटतो ते मोजा. मग त्याच कोळशावर पावसाइतकं आम्लधर्मी पाणी सोडून काय सुटतं तेही मोजा. आणि प्रबंधाच्या शेवटच्या पानावर, टक्केवारीच्या खाली, वापरलेला कोळसा किती ग्रॅम उरला आणि तो कुठे ठेवला आहे, हे लिहा.